चौदाव्या दिवशी

कुहीच्या एसटीतून उतरून
सेमिनरी हिल्सचा चढ पायी चढत
पोचू कोरेवार प्रयोगशाळेत येतो.
थैलीत बारा पुड्या, पुड्यांत लेंड्या,
प्रत्येकीत नातीच्या स्केचपेननं लिहिलेली चिठ्ठी:
भुरी. कानफाटी. सासू. रुसकी.
नंबर टाका म्हटलं होतं मी.
"नंबर याद नाही राह्यत, म्याडम.
मेंढी राह्यते."

तीन ग्रॅम. खल. मिठाचं दाट पाणी.
माती खाली बसते, अंडी वर येतात.
सतरा वर्षं मी हेच मोजतेय,
काचेवरच्या रेषांमधून, ओठ न हलवता.
मधेच कुणी बोललं की आकडा सांडतो.

औषधाआधी सासूची चौतीस. गुणिले पन्नास.
औषधानंतर, चौदाव्या दिवशी,
एकतीस.
काच धुतली, पुन्हा भरली.
एकतीस.

"कोणतं पाजलं?"
"तेच पांढरं. पोळ्याले पाजलं, दिवाळीले पाजलं,
होळीले तर नवी बाटली फोडली."
"मापून?"
"हाव तर. झाकणानं.
मोठीले एक, लहानीले एक."

मी फळीवरची बरणी काढली.
आत मेंढीच्या चौथ्या पोटातले जंत.
ताजे होते तेव्हा लाल-पांढरा पीळ होता,
राखीच्या दोऱ्यासारखा.
लाल ते मेंढीचं रक्त.
फॉर्मॅलिननं आता सगळे एका रंगाचे केलेत.
एकेक मादी दिवसाला पाच हजार अंडी घालते,
ती आम नदीकाठच्या गवतावर पडतात,
आणि अर्ध्या झाकणाला पुरून उरलेल्यांचीच पोरं
दवात वर चढून मेंढीच्या जिभेची वाट बघतात.

"म्हंजे शिकले म्हणा ते."
"शिकले नाहीत. मरत नव्हते तेवढेच उरले."
"एकच झालं न जी."
अहवालाच्या कागदावर
या वाक्यासाठी रकाना नाही.

मग मी त्याला पापण्यांचं कार्ड दिलं,
पाच रंगांचं, लालपासून पांढऱ्यापर्यंत.
म्हटलं, पापणी फिकी दिसली तरच पाजा. वजन करून.
धडधाकट मेंढीला पाजूच नका.
तो बरणीकडे बघत राहिला.
"जंत पाळू म्हणता?"
"थोडे भोळे राहू द्या, पोटात, गवतात.
बनेलांची सोयरीक भोळ्यांशी होऊ द्या."
पोचू पहिल्यांदा हसला.
"सोयरिकीचं मले नका सांगू, तीन पोरी उजवल्या म्या.
बनेल सून भोळ्याच्या घरी गेली
तं घर भोळं राह्यते का बनेल होते?"
पाहावं लागेल, एवढंच म्हणाले.
खरंच तेवढंच ठाऊक आहे आम्हाला.

रविवारी मी कळपावर गेले.
ऊन असं की कार्ड हातात वाकत होतं.
पोचू गुडघ्यात मान धरायचा,
अंगठ्यानं पापणी खाली ओढायचा,
कार्ड न बघताच सांगायचा: लाल. लाल. गुलाबी.
सासूची भिजवलेल्या पोह्यासारखी होती,
जबड्याखाली पाण्याची थैली लोंबत होती.
तिला दुसरं औषध दिलं, वजनकाट्यावर उभं करून.
भुरीच्या पाठीवर त्यानं गेरूचा ठिपका काढला:
हिले नाही.
भुरी बाटलीमागे मान लांबवत येत होती,
तो बाटली धोतराआड लपवत होता.

पुढच्या चौदाव्या दिवशी
अकरा पुड्या आल्या.
बारावी चिठ्ठी त्याच्या खिशात होती,
नाव लिहिलेली, घडी घातलेली.
मी विचारलं नाही.
तो बाहेर कट्ट्यावर पाणी पीत बसला.

काचेवर भुरी.
सहा, सात, अकरा,
दारातून कुणीतरी हाक मारली,
आकडा सांडला नाही.
बावीस.
नोंदवहीत बावीस लिहिलं,
आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा
अंड्यांना म्हटलं,
असू दे.